तलावापासून दोनशे मीटर

कचराभूमी कुठे असू नये, याची यादी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांच्या पहिल्याच अनुसूचीत दिलेली होती. नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर. महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्यान आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासूनही २०० मीटर दूर. पूरप्रवण पट्ट्यात नको, पाणथळ जागेत नको, वन्यजीवांच्या अधिवासात नको. यादी वाजवी आहे; तिच्यातली एकही अट गाळावी अशी नाही. पण ती हातात घेऊन चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्याच्या नकाशासमोर बसले की बोट टेकवायला जागा सापडत नाही. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला जंगल, मधल्या सपाटीवर धानाच्या बांध्या आणि त्या बांध्यांना पाणी पुरवणारे माजी मालगुजारी तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी. पाथरीजवळ असोलामेंढ्याचा ब्रिटिशकालीन तलाव, त्याचे कालवे, आणि त्यालाच येऊन मिळणारा गोसेखुर्दचा उजवा कालवा. पाणी साठवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेल्या या मुलखात तलावापासून २०० मीटर सरकले की दुसऱ्या बोडीची पाळ लागते.

उरते ती सरकारी पडीक जमीन. पूर्व विदर्भात तिचे नाव बहुतेक वेळा झुडपी जंगल असते. चराई, सरपण आणि गावाच्या किरकोळ गरजा भागवणारी ही जमीन जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरात या नावाने नोंदली गेली. पुढे तिच्यावर शाळा, दवाखाने, स्मशाने, वस्त्या, सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनच समजावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात सांगितले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना त्यात दिलासा आहे. त्यानंतरच्यांना वनसंवर्धन कायद्याच्या वाटेने जावे लागेल. म्हणजे गावाबाहेरच्या ज्या माळावर आजवर बेधडक ट्रॉली उलटी केली जात होती, तो माळ कायद्याच्या नजरेत जंगल असण्याची शक्यता दाट आहे. निकालावर वाद घालणारे घालोत. आम्हाला तो एका कारणासाठी उपयोगाचा वाटतो. कचरा ‘गावाबाहेर’ टाकण्याची सोय या जिल्ह्यांत कधीच नव्हती, हे आता कागदावर आले आहे.

तरीही हा प्रश्न पूर्वी बोचत नव्हता, त्याला कारण आहे. घरामागचा उकिरडा ही तेव्हा विल्हेवाटीची जागा नसून साठवणीची जागा होती. शेण, राख, पालापाचोळा, उष्टेखरकटे, गोठ्यातले तुडवलेले तणस पावसाळ्याआधी बंडीत भरून बांधीत जायचे. लग्नाच्या पंगतीला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण असायचे. जेवणे उरकली की त्या ढोरांपुढे किंवा खतखड्ड्यात. गांधी सेवा संघाचे अधिवेशन १९३६ साली याच सावलीत भरले, गांधीजी त्यासाठी इथे येऊन राहिले, आणि खेड्यातली घाण शेतात कशी परतवावी हा त्या काळात त्यांच्या लेखनातला नेहमीचा विषय होता. तेव्हाची घाण मोठी होती, पण परतवता येण्याजोगी होती. कुजत नाही असे तिच्यात फारसे काही नव्हते.

आजच्या गटारीत काय अडकते ते पाहावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही गावात नालीचे तोंड मोकळे केले तर हाताला सर्वांत आधी लागते ती खर्र्याची पन्नी. सुपारी, तंबाखू आणि चुना ज्या पातळ प्लास्टिकवर घोटायचा, त्यातच बांधून द्यायचा. दहा मिनिटांनी ती पन्नी रस्त्यावर. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ मोहिमेने खर्र्याकडे आरोग्याच्या अंगाने पाहिले आणि ते योग्यच होते. कचऱ्याच्या अंगानेही खर्रा हा इथला पहिल्या क्रमांकाचा उपद्रव आहे. पाण्याची बाटली भंगारवाला उचलतो, कारण तिला वजन आणि भाव दोन्ही आहे. पन्नीला वजन नाही, त्यामुळे भाव नाही, त्यामुळे तिला उचलणारा कोणी नाही. शाम्पूच्या पुड्या आणि वेफरची चमकती पाकिटे याच जातीची. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणे कुठल्याच कारखान्याला परवडत नाही. राज्याची प्लास्टिकबंदी २०१८ सालची, केंद्राची एकदाच वापरायच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. दोन्ही बंद्या पानठेल्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. अधूनमधून धाड पडते ती किराणा दुकानातल्या पिशव्यांवर.

मिसळलेला कचरा उघड्यावर ओतला की पुढे काय होते, हे इथल्या हवामानाच्या हिशेबाने समजून घ्यायला हवे. या पट्ट्यात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. ढिगातून झिरपणारे पाणी कुजलेल्या अन्नाचे आम्ल घेऊन खाली उतरते. वाटेत बॅटरीचे सेल, फुटलेल्या ट्यूबा, रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या लागल्या की त्यांतले शिसे, कॅडमियम, पारा त्या आम्लात विरघळतो. हे काळे पाणी उताराने बोडीत जाते किंवा जमिनीत मुरून विहिरीत उतरते. बोडीतल्या मासळीवर ढिवर कुटुंबांचे पोट चालते, आणि उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढून शेतकरी बांधीत टाकतात. विष एकदा पाण्यात उतरले की पाणी, मासळी, गाळ, धान असा फेरा पूर्ण होतो. भामरागडसारख्या गावात तर पर्लकोटेला पूर आला की नदीकाठी टाकलेला कचरा नदीच नेते, आणि पूर ओसरल्यावर खालच्या गावांना परत देते.

पावसाळा संपून उन्हाळा आला की त्याच ढिगाला दुसरे रूप येते. आतला ओला कचरा हवेवाचून कुजतो आणि मिथेन सोडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २५ ते ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून जगभर त्याची चिंता आहे. इथली तातडीची चिंता वेगळी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा असा ढीग पेटायला एक विडी पुरते. मुंबईत १९२७ पासून वापरात असलेली देवनारची कचराभूमी जानेवारी २०१६ मध्ये पेटली आणि अर्ध्या शहरावर धूर पसरला. सावलीत ढीग लहान असेल, पण त्याला लागून झुडपी रान असते आणि रानात एप्रिल-मे महिन्यांत मोहफुले व तेंदूपान गोळा करणारी माणसे असतात. वणव्याची कारणे शोधताना मोहाखालचा पाला जाळणाऱ्यांकडे बोट दाखवले जाते. गावाच्या कडेला धुमसणाऱ्या ढिगाकडे क्वचितच.

जनावरांची गोष्ट शहरातल्या संपादकीयांत गायीच्या पोटातल्या प्लास्टिकवर संपते. इथे ती तिथे संपत नाही. उष्टे, कोंबडीची पिसे आणि आतडी, मटणाच्या दुकानातला उरलेला भाग जिथे पडतो तिथे कुत्री आणि डुकरे वाढतात. कुत्री-डुकरे वाढली की बिबट येतो, कारण हरणामागे धावण्यापेक्षा कुत्रा उचलणे त्याला सोपे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात फेब्रुवारी २०२२ मध्ये माणसे मारली गेली तेव्हा माजलेली झुडपे, मोकाट जनावरे आणि कचरा यांची चर्चा झाली होती. त्यावर उपाय म्हणून पिंजरे लागले. पिंजऱ्यात एक बिबट सापडतो; कचरा तिथेच असला तर त्या जागेवर दुसरा येतो. सावली आणि मूल हे वाघ-माणूस संघर्षाचे तालुके आहेत. इथे मांसविक्रेत्यांच्या कचऱ्याची रोजच्या रोज, झाकणबंद, स्वतंत्र विल्हेवाट हा नगरपंचायतीइतकाच वनखात्याच्याही कामाचा भाग मानायला हवा. ताडोबाच्या निमढेला बफर भागात पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चाललेल्या वाघाची चित्रफीत फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर पाहिली गेली. सगळे हळहळले. ती बाटली पर्यटकाची होती की मजुराची, हे कुणाला ठाऊक नाही; पण पर्यटकावर गेट आहे, तपासणी आहे. गावाच्या ढिगावर कोणतेच गेट नाही.

घरोघर जाळणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपद्रवी समजली जाणारी रीत. सकाळी अंगण झाडायचे, पाला एका कोपऱ्यात ओढायचा, काडी लावायची. पाला जळतो तेव्हा धूर होतो, राख उरते, राखेचा उपयोग होतो. त्याच ढिगात पन्नी, पाइपचा तुकडा, वायरचे वेष्टन गेले की चित्र बदलते. पीव्हीसीत क्लोरीन असते आणि मंद, अपुऱ्या हवेच्या आगीत त्यापासून डायॉक्सिन तयार होतात. ती धुरातून गवतावर आणि पाण्यावर बसतात, गायीच्या दुधात उतरतात, चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून ५ हजार रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. दंडाची पावती फाडणारी यंत्रणा सावलीसारख्या गावात कधी उभी राहील, अशी आम्हाला आशा नाही. पाला वेगळा ठेवा, तो न्यायला गाडी येईल, असे सांगितले आणि गाडी खरेच आली तर बऱ्याच काड्या वाचतील.

मग योग्य विल्हेवाट कोणती? शास्त्रीय भरावभूमी हे पहिले उत्तर दिले जाते. तिचा अर्थ नीट समजून घेतला तर लहान गावाला ती पेलणारी नाही, हे दिसते. खाली ९० सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा पडदा, त्यावर काळे पाणी गोळा करणाऱ्या नळ्या, ते शुद्ध करणारे केंद्र, वायू बाहेर काढणाऱ्या नळ्या, रोज मातीचे आवरण, आणि भूमी बंद केल्यावरही किमान १५ वर्षे देखरेख. तिच्यात टाकायचे काय, हेही नियमांनी ठरवले आहे. जे कुजत नाही, पुन्हा वापरता येत नाही, जळत नाही आणि कशाशी प्रक्रिया करत नाही असे अवशेषच. घराघरांतून आलेली पिशवी तशीच तिथे उलटी करणे हा नियमभंगच आहे, मग खाली कितीही भारी पडदा अंथरलेला असो.

दुसरे उत्तर जाळून वीज करण्याचे. नेते परदेशातून पाहून येतात आणि तालुक्याच्या गावातही त्याचे फलक लागतात. आपल्याकडच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला. ओल्या कचऱ्याला जाळायचे म्हणजे आधी त्यातले पाणी उकळायचे. मिळणारी उष्णता त्यातच खर्ची पडते. दिल्लीच्या तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने १९८७ मध्ये उभारलेला दिवसाला ३०० टनांचा प्रकल्प काही आठवड्यांत बंद पडला तो याच कारणाने. दिल्लीला ३०० टन मिळत होते. लहान गावांत माणशी दिवसाला २०० ते ३०० ग्रॅम कचरा निघतो असे धरतात. त्या मापाने १२ हजार वस्तीच्या गावाचा रोजचा कचरा तीन टनांच्या आसपास भरतो. तीन टनांवर वीजनिर्मितीची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही.

पण हे तीन टन हीच आमच्या मते सावलीसारख्या गावांची खरी ताकद आहे. निम्मा ओला, म्हणजे दीड टन. तो कुजवायला जी सामग्री लागते ती या तालुक्यात ढिगांनी पडून असते. स्वयंपाकघरातला कचरा एकटा कुजवला तर त्याला वास सुटतो, अळ्या पडतात, पाणी सुटते; कारण त्यात नायट्रोजन जास्त आणि कार्बन कमी. जिवाणूंना साधारण एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन हवा असतो. तो पुरवायला शहरांना लाकडाचा भुसा विकत घ्यावा लागतो. इथे तणस आहे, झडलेला पाला आहे, गिरणीचा कोंडा आहे. ओल्याचा एक थर, तणसाचा एक थर, मधून शेणकाला, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आणि आठवड्याला एकदा पालटणी. ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते, त्यात तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. पाच-सहा आठवड्यांत खत काळे पडते, आणखी महिनाभर मुरू दिले की ते शेतात टाकता येते. ढीग पालटायला माणसे नसतील तर नाडेपचे टाके आहेच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, विदर्भाच्याच मातीत बसवलेली ही रीत: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके, भरायचे, लिंपायचे आणि साडेतीन-चार महिन्यांनी उघडायचे. यात मोटर नाही, बेल्ट नाही, सुटे भाग नागपूरहून मागवायचे नाहीत. कदाचित म्हणूनच निविदा काढणाऱ्यांना ती आवडत नाही.

खत तयार होणे सोपे. ते कोणी घेणे अवघड. मिश्र कचऱ्यापासून केलेल्या खतात काचेचे कण, ब्लेडचे तुकडे, सुया राहतात. चाळणीतून बारीक काच जातेच. हे खत ज्या बांधीत पडेल तिथे जुलैमध्ये बाया गुडघाभर चिखलात अनवाणी उतरून रोवणी करतात. एकदा एखादीच्या टाचेत काच शिरली की त्या गावात नगरपंचायतीचे खत पुन्हा कोणी फुकटही नेणार नाही. वर्गीकरणाचे महत्त्व पटवायला आपण भित्तिचित्रे रंगवतो, निळ्या-हिरव्या डब्यांची गाणी वाजवतो. रोवणीचा चिखल हे कारण सांगितले तर ते सावलीच्या प्रत्येक घरात समजेल, कारण जवळपास प्रत्येक घरातली कोणीतरी बाई त्या चिखलात उतरलेली असते.

सुक्या कचऱ्याचे दोन वाटे. पुठ्ठा, लोखंड, बाटल्या, जाड प्लास्टिक याला भंगाराचा बाजार आहे आणि तो बाजार कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जुना व कार्यक्षम आहे. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. सावलीत हजारोंची संघटना लागणार नाही. फिरत्या भंगारवाल्यांना आणि वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्र, एक शेड आणि वजनकाटा दिला तरी पुष्कळ. दुसरा वाटा पन्नी, चमकती पाकिटे, फाटक्या चपला, चिंध्या यांचा. याला बाजार नाही. पण चंद्रपूर जिल्ह्याकडे असे काही आहे जे बहुतेक जिल्ह्यांकडे नाही: घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथले सिमेंटचे कारखाने. क्लिंकर भाजणाऱ्या भट्टीत चौदाशे अंशांपलीकडे उष्णता असते, ज्वाळेत वायू पुरेसा वेळ राहतो आणि राख क्लिंकरमध्येच मिसळते. अंगणातल्या आगीत जे विष बनते ते तिथे टिकत नाही. देशातल्या अनेक भट्ट्या असा कचरा कोळशाला पूरक म्हणून जाळतात, आणि कचऱ्यापासून इंधन करणाऱ्या केंद्रापासून १०० किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी आपले किमान ५ टक्के इंधन त्यातून घ्यावे, असे २०१६ चे नियम सांगत होते. भट्टीच्याही अटी आहेत. माल कोरडा हवा, पीव्हीसी नको, दगडमाती नको, आणि पुरवठा नियमित हवा. एकट्या सावलीच्या पन्न्यांसाठी कोणताही कारखाना दार उघडणार नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांबद्दल बोलायला अजून संकोच आहे, म्हणून ते नाल्यात, पोतडीत किंवा चुलीत जातात. कागदात गुंडाळून वेगळे देण्याची सोय घंटागाडीवर हवी, आणि गाडीवर निदान एक बाई हवी. ग्रामीण रुग्णालयाच्या सुया, पट्ट्या, सलाइनच्या नळ्या या घंटागाडीत येताच कामा नयेत. त्यांचा कायदा वेगळा, गाडी वेगळी, भट्टी वेगळी. घरी इन्शुलिन घेणाऱ्यांच्या सुया मात्र कोणत्याच व्यवस्थेत बसत नाहीत. त्या औषध दुकानाने परत घ्याव्यात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते. जिल्ह्यातला सर्वांत मोठा घनकचरा घराघरांतला नाहीच. तो २९२० मेगावॉटच्या वीज केंद्राची राख आणि कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर हा आहे. आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. ती रोज हजारो टनांनी निघते. खाणींच्या मातीचे ढिगारे इरई आणि वर्धा नद्यांच्या काठी उभे आहेत. मग सावलीच्या बाईला दोन डबे ठेवायला सांगताना लाज कशी वाटत नाही? प्रश्न रास्त आहे. राखेचा निर्णय मुंबई-दिल्लीत होतो, आणि राखेचा शंभर टक्के वापर करा असे सांगणाऱ्या अधिसूचना १९९९ पासून निघत आल्या आहेत. त्यांची अंमलबजावणी मागत राहणे हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीचे काम आहे. पण राखेच्या डोंगराने सावलीच्या बोडीत काच टाकलेली नाही. त्या बोडीपुरता निर्णय नगरपंचायतीच्या सभागृहात होऊ शकतो. अशा जागा फार नाहीत.

लहान नगरपालिका-नगरपंचायतींना हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी वेंगुर्ल्याचे उदाहरण आहे. तालुक्याच्या त्या लहानशा गावात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातूनच कचऱ्याचे वर्गीकरण सुरू झाले. ओल्याचा बायोगॅस आणि खत, सुक्या पाल्याच्या कांड्या, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात. आणि जिथे नाक दाबून जावे लागे त्या कचरा डेपोची बाग झाली. ते गाव किनाऱ्यावरचे, पर्यटकांचे; त्याची नक्कल इथे होणार नाही. उचलण्यासारखी गोष्ट एकच, मिसळलेला कचरा गाडीत न घेण्याचा हट्ट. तो हट्ट टिकायला मुख्याधिकाऱ्याची बदली दर दीड वर्षाने होता कामा नये, हेही तितकेच खरे.

आणि ठेक्याची अट बदलायला हवी. अनेक ठिकाणी कंत्राटदाराला पैसे वजनावर मिळतात. जितके टन ओतले तितके बिल. मग वर्गीकरण हा त्याचा तोटा ठरतो, आणि पावसात भिजलेली गाडी व तिच्यात आलेली दगडमाती हा त्याचा नफा. गाडीला डबे रंगीत लावून ही गणिते बदलत नाहीत. बिल घरांच्या संख्येवर आणि वेगळ्या मिळालेल्या कचऱ्यावर ठरवले तर बदलतात. संत गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने रस्ते झाडायला शिकवले, गावोगाव चुरस लावली. झाडून गोळा केलेले कुठे गेले, याला गुण कमी होते. आज शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात गुणांचे तक्ते मोठे झाले आहेत, तरी परीक्षक येण्याच्या आठवड्यात दुभाजक रंगवण्याची सवय सुटलेली नाही.

सणासुदीचा कचरा हा वेगळा हंगाम आहे. दिवाळीनंतर मंडया भरतात, शंकरपट होतात, वडसा परिसरातल्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर झाडीपट्टीची नाटके करतात. एका रात्रीत मैदानावर चहाचे कप, पाण्याच्या पुड्या, नाश्त्याच्या प्लेटा यांचा थर बसतो. त्या कपांत पाणी साचले की डेंग्यूच्या डासाला हवे ते मिळते. मंडळाकडून अनामत घेऊन मैदान साफ झाल्यावर परत देणे एवढे साधे कलम परवानगीत घालता येईल. पळसाच्या पत्रावळी लावणाऱ्या बायका या भागात अजून आहेत. मंगल कार्यालयाला थर्माकोल परवडते, कारण त्याच्या विल्हेवाटीचा खर्च त्याच्या बिलात येत नाही. तो खर्च नगरपंचायतीने कार्यालयाकडून वसूल केला तर पत्रावळी महाग वाटणार नाही.

पन्न्यांच्या वाट्याचे गणित मात्र एका गावाच्या आवाक्यातले नाही, आणि त्यासाठी नवा कारखाना काढायचीही गरज नाही. गडचिरोली, व्याहाड, सावली, मूल, चंद्रपूर ही सगळी गावे एकाच रस्त्यावर आहेत. ओले वेगळे झाले तर उरलेले कोरडे सामान सावलीत एका पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर न कुजता राहू शकते. मूलला दाबून गठ्ठे करणारे एक यंत्र बसवले, दोन-तीन नगरपालिका-नगरपंचायतींनी खर्च वाटून घेतला, तर महिन्याला एक-दोन ट्रक भरतील. जिल्हे दोन असले तरी दोन्ही नागपूर विभागात येतात, तेव्हा करारावर सह्या घ्यायला विभागीय आयुक्तांची एक बैठक पुरेशी आहे. आणि ट्रक नवे घ्यावे लागणार नाहीत. गडचांदूरकडून सिमेंट घेऊन गडचिरोलीला आलेल्या गाड्यांना परतीचा माल हवाच असतो.